मौनाला पावित्र्य म्हणू नका

आपल्या ख्रिस्ती घरांत मातृत्वाचा जितका सन्मान होतो, तितका क्वचितच अन्य कशाचा होत असेल. संध्याकाळी पवित्र मरियेची रोजरी म्हटली जाते. बाळंतिणीला मंदिरात आशीर्वाद दिला जातो. लग्नाला दोन-तीन वर्षे उलटूनही पाळणा हलला नाही, तर घरादाराची नोव्हेना सुरू होते. हे सारे योग्यच आहे. परंतु ज्या देहाच्या द्वारे हे मातृत्व अवतरावयाचे, त्या देहाविषयी आपण आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला काय सांगतो? पाळीच्या दिवसांत काय करू नये, याची एक यादी तिच्या हाती पडते. त्यापुढचे सारे झाकलेले असते. या झाकण्याला आपण शालीनता, संस्कार, पावित्र्य अशी भारदस्त नावे दिली आहेत. आमचे स्पष्ट म्हणणे असे, की हे मौन पावित्र्य नव्हे. ही हयगय आहे, आणि तिचे मोल आपल्या मुली आपल्या देहाने चुकवीत आहेत.

बोलणे मोघम राहू नये म्हणून एकाच आजाराचे उदाहरण घेऊ. डॉक्टर त्याला पीआयडी म्हणतात. मराठीत त्याला ओटीपोटातील दाह म्हणता येईल. योनिमार्गातील किंवा गर्भाशयाच्या मुखाशी असलेला जंतुसंसर्ग वर चढतो, गर्भाशयात शिरतो आणि तेथून बीजवाहिन्यांत व बीजकोशांपर्यंत पोहोचतो. परमा आणि क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांचे जंतू हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. परंतु ते एकमेव नव्हे. योनिमार्गात एरवीही असणारे जंतू, अस्वच्छ परिस्थितीत झालेले बाळंतपण, गर्भपातानंतरचा संसर्ग हीही कारणे आहेत. आपल्या देशात क्षयाचे जंतूही रक्तावाटे बीजवाहिन्यांत जाऊन बसतात व अशीच हानी करतात; त्या क्षयाचा तर लैंगिक आचरणाशी काडीचाही संबंध नसतो. किशोरवयीन मुलीच्या गर्भाशयमुखावरील नाजूक पेशी प्रौढ स्त्रीपेक्षा अधिक उघड्या असतात, म्हणून संसर्गाचा प्रसंग आला तर तो तिला अधिक सहजपणे जडतो.

हा आजार पुष्कळदा गाजावाजा करीत नाही. ओटीपोटात मंद दुखते, कणकण येते, अंगावरून दुर्गंधीयुक्त वा पिवळसर स्राव जातो, दोन पाळ्यांच्या मधेच रक्त दिसते, लघवीला जळजळते. कधी यांपैकी काहीच जाणवत नाही आणि आतल्या आत नळ्या सुजून चिकटत जातात. येथे हेही सांगितले पाहिजे, की वयात येणाऱ्या मुलीच्या अंगावरून थोडे पांढरे जाणे, त्याला दुर्गंधी वा खाज नसेल तर, निसर्गक्रमच असतो. निसर्गक्रम कोणता आणि आजार कोणता, हे ओळखण्यापुरतेही ज्ञान आपण मुलीला देत नाही. परिणामी एक मुलगी आजार नसताना भिऊन झुरते आणि दुसरी आजार असताना गप्प राहते. दुखणे अंगावर काढणे हा तर आपल्याकडे स्त्रीचा सद्गुणच मानला गेला आहे!

या गप्प राहण्याची किंमत मोजली गेली आहे. स्वीडनमधील लुंड येथे लार्स वेस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, आजार एकदा झालेल्या स्त्रियांत नळ्या निकामी होऊन आलेल्या वंध्यत्वाचे प्रमाण ८ टक्के होते; दोनदा झालेल्यांत ते १९.५ टक्के, आणि तीन वा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के होते. त्याच रुग्णांच्या माहितीवरून पुढे १९९३ साली असेही दाखवून देण्यात आले, की लक्षणे सुरू झाल्यावर तीन दिवस वा अधिक उशिराने उपचार घेणाऱ्या स्त्रियांना वंध्यत्वाचा व गर्भाशयाबाहेर गर्भ राहण्याचा धोका वेळेवर आलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. आपल्या घरांत मुलगी असले दुखणे आईला सांगण्याचा धीर गोळा करते, तोवरच तीन दिवस सरलेले असतात. आई शेजारणीला विचारते, शेजारीण काढा सुचवते. वडिलांच्या कानी गोष्ट जायची तेव्हा जाते. आणि पुढे कधी मूल झाले नाही, तर त्याच मुलीला सासरी वांझ म्हणून हिणवले जाते. नळ्या कोणी बंद केल्या, हे विचारायला कोणी धजत नाही.

‘परदेशातले आकडे आम्हांला कशाला?’ असे कोणी म्हणेल. तर आपल्याच महाराष्ट्रातले घ्यावेत. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांत अविवाहित मुलीही होत्या. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. एकेका स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार निघाले. त्यांतले निम्मे जंतुसंसर्गाचे होते. आणि यापूर्वी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? अवघ्या ८ टक्के. या दोन आकड्यांमधली दरी गरिबीने खणली, अज्ञानाने खणली आणि लाजेने सर्वांत खोल खणली.

त्या दरीचे दुसरे टोक बीड जिल्ह्यात दिसले. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे ८२,३०९ महिला ऊसतोड कामगारांच्या पाहणीची माहिती आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली होती. फडात ना पाणी, ना आडोसा. पोट दुखते, पांढरे जाते म्हणून बाई दवाखान्यात गेली, की ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाई, हे अनेक स्त्रियांनी सांगितले आहे. आपल्या मराठवाड्यातील व नगरकडील धर्मग्रामांतूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात, हे आम्ही विसरू नये. ज्या स्त्रीला पंधराव्या वर्षी आपल्या देहाचे साधे ज्ञान मिळाले नाही, तिला तिसाव्या वर्षी असल्या भयापुढे उभे राहण्याचे बळ कोठून मिळावे?

आता आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांकडे वळू.

पहिला आक्षेप असा, की हे आजार वाईट चालीच्या मुलींना होतात. सुसंस्कृत घरांतल्या मुलींना त्यांची चर्चा कशाला? हा आक्षेप जितका निष्ठुर, तितकाच असत्य आहे. २०१९ ते २१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली होती. या मुली कोणत्या वाईट चालीच्या? आईबापांनी दाखविलेल्या नवऱ्याबरोबर त्या गेल्या आणि त्या नवऱ्याने आणलेला रोग त्यांनी पत्करला. जंतू लग्नाचा दाखला पाहून माघारी फिरत नाहीत. शुद्धतेचे सारे प्रवचन मुलीला द्यायचे आणि मुलाला मोकळे सोडायचे, ही रीत ख्रिस्ती नव्हे. सहाव्या आज्ञेत स्त्री आणि पुरुष असा भेद नाही. उपचारही हेच सांगतात: एकटीला औषध देऊन भागत नाही, पतीची तपासणी व औषधोपचार झाले नाहीत, तर संसर्ग पुन्हा तिच्याकडेच परततो. तरीही दवाखान्याच्या बाकावर ती एकटीच बसलेली असते.

याहून दुःखद शक्यताही आहे. अल्पवयीन मुलीला असा आजार जडलेला आढळला, तर तिच्यावर अत्याचार झालेला असू शकतो, आणि अत्याचार करणारा बहुधा परका नसतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलामुलींशी लैंगिक संबंध हा गुन्हा ठरविला आहे आणि त्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक केले आहे. परंतु जिला आपल्या अवयवांची नावेच कोणी सांगितली नाहीत, ती मुलगी आपल्यावर काय गुदरले ते कोणत्या शब्दांत सांगणार? आपल्या मौनाचा लाभ नेमका कोणाला होतो, याचा विचार व्हावा. अशा मौनापायी चर्चला जगभर किती मान खाली घालावी लागली, हे वाचकांना सांगावयास नको.

दुसरा आक्षेप: ज्ञान दिले की मुली बिघडतात. याच भीतीपोटी २००७ साली महाराष्ट्र शासनाने विधिमंडळातील गदारोळानंतर शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबविला होता. परंतु युनेस्कोने जगभरच्या अभ्यासांचा जो आढावा घेतला आहे, त्याचा निष्कर्ष उलट आहे: असे शिक्षण मिळाल्याने मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, याला आधार सापडत नाही. आणि आज हा प्रश्न तरी उरला आहे काय? प्रत्येक घरात, प्रत्येक खिशात मोबाइल आहे. मुलामुलींना शिकवणी मिळावी की न मिळावी, हे ठरविण्याचा अधिकार आपल्या हातून केव्हाच निसटला. ती आईकडून, शिक्षिकेकडून, सिस्टरकडून मिळावी, की देहाचा बाजार मांडणाऱ्यांकडून, एवढीच निवड आता आपल्यापुढे आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण व्यवहारात खपून जाते. ओटीपोटात साचणाऱ्या पुवाला ती लागू पडत नाही.

आमच्या विरोधकांची एक भीती मात्र आम्ही मान्य करतो. शरीर हे जणू यंत्र आणि त्याची काळजी म्हणजे केवळ अपघात टाळण्याची युक्ती, अशा थाटाचे शिक्षण आम्हांलाही नको आहे. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, ही पौलाची शिकवण आम्ही सोडणार नाही. संयम आणि वैवाहिक निष्ठा यांचा आग्रह आम्ही धरूच. पण मंदिराची राखण करणाऱ्याला मंदिराच्या खोल्या ठाऊक नकोत काय? छपराला गळती लागलेली दिसत असताना, ‘पवित्र स्थळी वर पाहू नये’ असे आपण म्हणतो काय?

तिसरा आक्षेप आमच्याच बंधूंकडून येतो: हे चर्चच्या परंपरेत बसत नाही. यावर आम्ही परंपरेचाच दाखला देऊ. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावरील आपल्या जाहीरनाम्यात, मुले वाढत जातात तसे त्यांना सकारात्मक व विवेकपूर्ण लैंगिक शिक्षण मिळावे, असे सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबविषयक बोधपत्रात हे शिक्षण देणे हा पालकांचा मूलभूत हक्क आणि कर्तव्य असल्याचे म्हटले. आपले पालक त्यातला हक्क तेवढा उचलतात, कर्तव्य जागच्या जागी राहते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या बोधपत्रात या शिक्षणाची गरज स्वतंत्रपणे मांडली, आणि विश्वपरिषदेचे ते आवाहन आपल्या शिक्षणसंस्थांनी खरोखर स्वीकारले आहे काय, असा प्रश्नच विचारला. तेव्हा परंपरेचे नाव घेऊन मौन पाळणाऱ्यांनी ती परंपरा आधी वाचावी.

ज्यांना लिखित शिकवणीपेक्षा इतिहास अधिक पटतो, त्यांच्यासाठी रावळपिंडीची हकिकत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत. बाळंतपणात, ज्वरात त्या तशाच मरत. ॲग्नेस मॅक्लॅरन या स्कॉटिश स्त्री-डॉक्टरने १९०९ साली त्यांच्यासाठी तेथे इस्पितळ उघडले. परंतु चर्चच्या तत्कालीन नियमांनुसार व्रतस्थ धर्मभगिनींना प्रसूतीचे वैद्यकीय काम करण्यास मज्जाव होता. ते त्यांच्या शालीनतेला शोभत नाही, अशी समजूत होती. मॅक्लॅरनबाईंनी रोमकडे वारंवार विनंत्या केल्या आणि त्या तशाच निवर्तल्या. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ऑस्ट्रियाच्या ॲना डेंगल १९२० साली रावळपिंडीस आल्या. त्यांनी ते मरण डोळ्यांनी पाहिले आणि १९२५ साली मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापन केला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने तो मज्जाव उठविला. म्हणजे शालीनता आणि स्त्रियांचे प्राण यांतून एकाची निवड करावयाची वेळ आली, तेव्हा चर्चने प्राण निवडले, आणि ते आपल्याच उपखंडातील स्त्रियांमुळे निवडले. आज देशभर ज्या धर्मभगिनी परिचारिका आणि डॉक्टर म्हणून बाळंतपणे करतात, त्या याच निर्णयाच्या लेकी आहेत. त्यांच्याकडून औषध चालते, पण शाळेच्या वर्गात त्यांनी दोन शब्द बोललेले चालत नाहीत, हा कोठला न्याय?

आणि सर्वांत मोठा दाखला शुभवर्तमानाचा आहे. मार्कने पाचव्या अध्यायात दोन कथा एकीत एक गुंफल्या आहेत. एक स्त्री बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली आहे; एक मुलगी बारा वर्षांची आहे आणि मरणाच्या दारी आहे. ती स्त्री आजारी पडली त्याच सुमारास ही मुलगी जन्मली, हे हिशेबाने कळते. लेवीय नियमांनुसार ती स्त्री विटाळशी होती. अनेक वैद्यांपायी तिचा पैसा संपला होता, दुखणे मात्र वाढलेच होते. गर्दीत लपून तिने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला. प्रभू तिला चोरून बरी होऊन जाऊ देऊ शकला असता. तो थांबला. भर रस्त्यात, शिष्यांसमक्ष, सभास्थानाच्या अधिकाऱ्यासमक्ष, त्याने तिला बोलते केले, तिचे सारे ऐकून घेतले आणि तिला कन्या म्हणून हाक मारली. ज्या दुखण्याचा उच्चारही करू नये असा संकेत होता, त्याची चर्चा तारणाऱ्याने गर्दीत घडवून आणली. त्यानंतर तो याईराच्या घरी गेला, मुलीला उठविले आणि तिला खायला द्या असे घरच्यांना सांगितले. आपल्या देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली रक्तक्षयी आहेत, असे उपर्युक्त पाहणी सांगते. प्रभूची ती साधी सूचना आपल्या स्वयंपाकघरांपर्यंत अजून पोहोचलेली नाही.

तेव्हा आमची मागणी मोघम नाही. दृढीकरण संस्काराच्या तयारीत मुलींसाठी आणि मुलांसाठीही देहाच्या आरोग्यावरचा पाठ असावा. तो एखाद्या डॉक्टरने, परिचारिकेने वा प्रशिक्षित सिस्टरने घ्यावा आणि त्याआधी पालकांना बोलावून त्यांना तो समजावून द्यावा. विवाहपूर्व शिबिरांत जंतुसंसर्गाविषयी, आणि पती-पत्नी दोघांनीही उपचार घेण्याविषयी, आडपडदा न ठेवता बोलावे. आपल्या प्रत्येक शाळेत मुलींच्या शौचालयाला पाणी आणि आतून लागणारी कडी असावी. ती नाही तोवर शाळेच्या वर्धापनदिनाचे मांडव घालू नयेत. शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ आणि गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा’ या नावांची केंद्रे आहेत. ओटीपोटातील दाहावरच्या औषधांची पिवळ्या रंगाची पाकिटे सुरक्षा केंद्रांसाठी ठरवून दिलेली आहेत आणि तो उपचार चौदा दिवसांचा असतो. दुखणे थांबले म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या सोडणाऱ्या मुलीला उरलेले नऊ दिवस कोणी तरी आठवण करून दिली पाहिजे. आपल्या महिला मंडळांनी हे काम उचलावे. मुलीबरोबर बाकावर बसायला एक पोक्त बाई मिळाली, तर निम्मी लाज तेथेच गळून पडेल.

आमच्या धर्मगुरू-बंधूंना एक वेगळी विनंती. पापनिवेदनाच्या जाळीमागून एखादी मुलगी आपल्या दुखण्याविषयी बोलू लागली, तर तिचा आजार हे पाप नव्हे, हे तिला आधी सांगा. आणि डॉक्टरकडे जायला सांगण्यासाठी दुसऱ्या भेटीची वाट पाहू नका. क्षमेचे शब्द आत्म्याला बरे करतात. नळीतल्या सुजेला औषधच लागते, आणि तेही लवकर लागते. पाळणा न हलणाऱ्या घरांसाठी नोव्हेना अवश्य म्हणाव्यात. पण ज्या मुलीला पंधराव्या वर्षी तीन दिवसांच्या आत दवाखान्यात नेले असते, तर त्या नोव्हेनेची वेळच आली नसती, तिच्या वतीने आता धर्मग्रामाने बोलावयास हवे.